रक्त कमी झालं होतं

१२ मार्च

प्रिय ताई,

फोनवर हे सांगायला घेतलं असतं तर पहिल्याच वाक्याला तू मला गप्प केलं असतंस. कागदाला मध्येच तोडता येत नाही, म्हणून लिहितोय. शेवटपर्यंत वाच आणि मग काय बोलायचं ते बोल.

मी रक्त तपासायला दिलं. बाबांच्या आजारासाठी.

हे कधीच करायचं नाही असं बाबांच्या आजारपणात आपण दोघांनी ठरवलं होतं, ते मी विसरलेलो नाही. बाबांचे हात आधी आपोआप हलायला लागले, मग चाल बिघडली, मग घास गिळता येईना. तेव्हा त्या डॉक्टरांनी आपल्याला समोर बसवून सांगितलं की याला हंटिंग्टन म्हणतात, हा आई-बापाकडून येतो, आणि तुम्हा दोघांपैकी प्रत्येकाला तो असण्याची शक्यता निम्मी आहे. बाहेर येऊन तू म्हणालीस, निम्मंच माहीत आहे ना, मग निम्मंच ओझं वाहू. मी हो म्हणालो होतो. आता माझ्याने ते निभावलं नाही.

कारण तुला ठाऊक आहे. चष्मेवाली. तिचं दुकान ज्या इमारतीत तळमजल्यावर आहे तिथल्या लिफ्टची देखभाल माझ्याकडे आहे हे मी तुला सांगितलं होतं. ती लिफ्ट गेल्या वर्षभरात मी इतक्या वेळा तपासली की ऑफिसातून मला विचारणा झाली, तिथे नेमकं काय बिघडलंय. मी म्हटलं, आवाज येतो. सगळे हसले, म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं.

लग्नाचं तीच बोलली. मी तिला बाबांचं सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. ती म्हणाली, तपास किंवा नको तपासूस, मला दोन्ही चालेल. तिला चालेल गं, पण मला कसं चालेल? तिनं तिच्या आईचं अंथरुणातलं सगळं एकटीने केलंय, त्यात तिचं तरुणपण गेलं. त्यातून ती आत्ता कुठे सुटली आहे आणि मी पुन्हा तेच तिच्या पदरात टाकू? उत्तर चांगलं आलं तर लगेच लग्न करायचं. वाईट आलं तर मी तिच्या वाटेतून बाजूला होणार. हे माझं ठरलंय.

तपासणीआधी रुग्णालयातल्या समुपदेशक बाई तासभर बोलत बसल्या. झोप कशी लागते, जिवाचं बरंवाईट करायचे विचार येतात का, घरात कोण कोण आहे, सगळं विचारलं. लहानपणीची दुखणी विचारली. म्हटलं, पाच वर्षांचा असताना रक्त कमी झालं होतं, ताईचं थोडं चढवलं आणि मग ठणठणीत. त्या म्हणाल्या, इतकं जुनं असेल तर काही अडचण नाही. मग दंडातून एक नळी भरून रक्त घेतलं आणि हातात बिस्किट दिलं.

उत्तर यायला काही आठवडे लागतात. रागाव, पण पत्र लिही.

तुझा ठोंब्या


२० मार्च

ठोंब्या,

हे नाव मी तुला उगीच ठेवलेलं नाही.

तुझं पत्र आलं तेव्हा मी एका आजींसाठी बनवलेली वरची कवळी घासत होते. पत्र वाचलं, ठेवलं, पुन्हा कवळी घासायला घेतली आणि घासताघासता तिचा एक सुळा पार सपाट करून टाकला. आजींना आता नवा करून द्यावा लागेल. हे तुझ्या खात्यावर.

राग आला, खोटं कशाला सांगू? विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं, म्हणून तर विचारलं नाहीस. पण चष्मेवालीबद्दल वाचलं आणि राग टिकला नाही. तुझ्यासारख्या माणसाला कुणी आपण होऊन लग्नाचं विचारतं म्हणजे तिच्या दुकानातले चष्मे तिने स्वतःच आधी लावून बघावेत. गंमत केली. ती चांगली बाई दिसते. तिला सोडण्याच्या गोष्टी इतक्या घाईने ठरवू नकोस.

आता माझं ऐक. उत्तर आलं की ते तुझ्यापाशी ठेव, मला कळवू नकोस. चांगलं असेल तर लग्नाची तारीख कळव, मी समजून घेईन. वाईट असेल तर काहीही लिही, माझ्याकडे राहायला ये, पण ते शब्द लिहू नकोस. दोघांची चिठ्ठी वेगवेगळी निघते, एकाची दुसऱ्यावर अवलंबून नसते, हे मला समजतं. तरी तू सुटलास असं कळलं तर मला वाटणारच की राहिलेलं माझ्या वाट्याला आलं. मी इतकी वर्षं हे न कळण्याच्या आधारावर काढली आहेत. दोन चांगली स्थळं त्यापायी परत पाठवली, मूल नको म्हटलं, आणि त्या बदल्यात मला एकच गोष्ट मिळाली, ती म्हणजे माहीत नसणं. तेवढी माझी मला राहू दे.

माझी तब्येत उत्तम आहे. काम भरपूर आहे. लोकांचे दात पडायचे काही थांबत नाहीत.

जेवत जा वेळेवर.

ताई


२ मे

ताई,

लिहू नकोस म्हणाली होतीस. लिहितोय, कारण दुसरं कुणी नाही.

आहे. मला तो आजार आहे.

त्या बाईंनी दार लावलं, पाण्याचा पेला पुढे केला, तेव्हाच कळलं. त्यांनी कागदावरचा आकडा दाखवला. आपल्या अंगातल्या एका सूचनेत, म्हणजे जनुकात, तीच तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात, ती ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की हा आजार होतोच. माझी गेली आहेत. आज नाही, उद्या नाही, पण बाबांच्या वयाच्या आसपास सुरू होईल. मी विचारलं, चूक असू शकते का? त्या म्हणाल्या, तपासणी दोनदा केली. तुमच्या रक्तात ते आहे.

दुसऱ्या दिवशी मी चष्मेवालीला सांगितलं की माझी दुसऱ्या शहरात बदली होते आहे आणि लग्नाचं आपण घाईत ठरवलं होतं. तपासणीचं तिने विचारलं, तर उत्तर अजून आलं नाही म्हणालो. ती हातातला चष्मा पुसत राहिली. या दोन महिन्यांत मी खरोखरच बदली मागणार आहे, म्हणजे निदान ते खोटं उरणार नाही.

लिफ्टच्या वरच्या खोलीत काम करताना आता मी माझ्याच हातांकडे बघत बसतो. काही होत नाहीये, पण बघत बसतो. चाळिशी आलेला माणूस आहे मी आणि काल जेवताना ठसका लागला तर घाबरून घास ताटात टाकला.

एक गोष्ट मात्र करणार आहे. त्याच रुग्णालयात संशोधन चाललं आहे. हा आजार असलेल्या माणसाच्या कातडीचा छोटा तुकडा घेतात, त्या पेशींना मागे नेऊन स्टेम सेल करतात, म्हणजे काहीही होऊ शकतील अशा, गर्भात असतात तशा. मग त्यांच्यापासून काचेच्या बशीत मेंदूच्या पेशी वाढवतात आणि त्यांच्यावर नवी औषधं लावून बघतात. जिवंत माणसाच्या मेंदूत सुई कोण घालणार, म्हणून हा उपाय. संशोधक मुलगी तरुण आहे, भराभर बोलते. तिनं स्पष्ट सांगितलं की याचा उपयोग तुम्हाला होईलच असं नाही. मी म्हटलं, न होवो. पण कधी जायचं हे अजून मनाशी ठरवलं नाहीये. हे सगळं लिहिलं म्हणून रागावलीस तर समजेन.

ठोंब्या


२३ मे

ठोंब्या,

उत्तराला उशीर झाला. मला एका ठिकाणी चौकशी करायला जायचं होतं, त्यात दिवस गेले.

आधी हे. मी रागावलेले नाही. तू एकटा आहेस असं पुन्हा लिहिलंस तर मात्र रागावेन.

आता मी सांगते तसं कर, का ते विचारू नकोस. कातडी द्यायला लगेच जा. टाळू नकोस आणि पुढे ढकलू नकोस. तिथल्या मुलीला सांग की त्या पेशींमध्ये आजाराचं नव्याने तपासा आणि मला काय निघालं ते सांगा. आणि ते कळेपर्यंत बदली मागू नकोस, चष्मेवालीशी संबंध तोडू नकोस.

त्या पहिल्या उत्तरावर माझा विश्वास बसत नाही. दोनदा तपासलं म्हणे. चुकीची नळी हजारदा तपासली तरी चुकीचंच येणार. माझ्याकडेही साच्यांच्या चिठ्ठ्या बदलतात. मागे एका गृहस्थांची कवळी मी अगदी सुबक करून पाठवली, त्यांनी तोंडात घातली आणि रडकुंडीला आले. दुसऱ्याच कुणाच्या जबड्याची होती. काम चोख होतं, तोंड चुकलं होतं.

हे होऊ शकतं एवढंच म्हणते. आशा लावून बसू नकोस आणि सोडूही नकोस. जा.

ताई


२३ मे

प्रिय चष्मेवाली,

आमचा ठोंब्या मला लिहिताना तुला असंच म्हणतो, म्हणून मीही म्हणते. आपण भेटलेलो नाही. मी त्याची मोठी बहीण. हे पत्र दुकानाच्या पत्त्यावर पाठवते आहे, ते त्याला दाखवू नकोस एवढी विनंती.

तो तुला बदलीचं काही सांगत असेल तर ते खोटं आहे. त्याचं तपासणीचं उत्तर वाईट आलं. तुझ्या गळ्यात आजारी माणूस पडू नये म्हणून तो लांब जातो आहे.

पण ते उत्तर त्याचं नाही.

तो पाच वर्षांचा होता आणि मी अकरा. त्याचं रक्त कमी झालं होतं, असं आमच्या घरात म्हणायचे. खरं असं की त्याच्या हाडांतल्या मगजाने रक्त तयार करणंच बंद केलं होतं. साधं रक्त चढवून तो जगला नसता. माझा मगज त्याच्याशी जुळला. मला पालथं झोपवलं, भूल दिली, आणि कमरेच्या हाडातून मगज काढून त्याला दिला. त्यातल्या मूळ पेशी त्याच्या हाडांत रुजल्या. तेव्हापासून त्याच्या अंगातलं रक्त माझ्या पेशी बनवतात, आजही. आईने मला बजावलं होतं की हे त्याला कधी सांगायचं नाही, भावाने बहिणीपुढे जन्मभर वाकून राहू नये. मला कमरेवर नीट बसता येत नव्हतं तेवढे दिवस मी घसरगुंडीवरून पडले असं त्याला सांगितलं. तो खूप हसला होता. मोठेपणी त्याला एवढंच ठाऊक की ताईने थोडं रक्त दिलं, शेजाऱ्याने द्यावं तसं.

'तुमच्या रक्तात ते आहे' असं त्याने पत्रात लिहिलं आणि मला तो मगज आठवला. मी रक्ताच्या डॉक्टरांकडे जाऊन विचारून आले. त्यांनी सांगितलं ते असं: त्याच्या दंडातून जे घेतलं ते माझं रक्त होतं, म्हणून उत्तरही माझं. त्याला आजार आहे की नाही हे अजून कुणालाच माहीत नाही. मला आहे, हे मात्र नक्की झालं.

खरं सांगू? गेल्या वर्षापासून कवळीचं मेण कोरताना हात मध्येच उडतो. मी म्हणत होते, चष्म्याचा नंबर बदलला असेल. तुझ्या धंद्यातली गोष्ट आहे म्हणून सांगते, हसू नकोस.

कातडी मात्र त्याची स्वतःची आहे. तिचं उत्तर खरं असेल. ते येईपर्यंत तू थांब. ते चांगलं आलं तर पहिल्या वेळी नळ्यांची अदलाबदल झाली असं त्याला वाटू दे, मी त्याला लिहिलेल्या पत्रात तशी सोय करून ठेवली आहे. तो सुखाने लग्न करेल. त्याला खरं कळलं तर तो करणार नाही, माझ्या उशाशी येऊन बसेल. मी त्याला ओळखते.

त्याचं उत्तर वाईट आलं तर काय करायचं ते तू ठरव. तेव्हा तुला कुणीही नावं ठेवणार नाही, मी तर नाहीच.

ताई


४ जून

ती. ताईंना,

तुमचं पत्र दुकान बंद करून मागच्या खोलीत वाचलं. मग दुसऱ्या दिवशी दुकान उघडलंच नाही.

बदलीवर माझा विश्वास बसला नव्हता. त्याला खोटं बोलता येत नाही. ज्या आठवड्यात त्याने मला नाही म्हटलं त्याच आठवड्यात तो लिफ्ट दुरुस्त करायला आला होता, आणि लिफ्ट व्यवस्थित चालू होती. मी वर गेले तर जिन्यात बसला होता. मला बघून हत्यारं आवरायला लागला. हत्यारं पेटीतून काढलेलीच नव्हती.

मी थांबणार आहे. कातडीचं उत्तर काहीही आलं तरी थांबणार आहे, हे त्याला कळत नाही. मी आईचं केलं ते कुणी माझ्या पदरात टाकलं म्हणून नाही केलं. तो माझी कीव करतो आणि त्याला वाटतं हे प्रेम आहे. म्हणजे प्रेम आहेच, पण त्याने मला विचारायला हवं होतं.

तुम्ही सांगितलंत तसं मी आपण होऊन काही बोलणार नाही. पण ताई, त्याने समोर उभं राहून विचारलं तर मी खोटं सांगणार नाही. माझ्याकडे लोक येतात ते किती दिसतं आणि किती नाही हे खरं कळावं म्हणून. घरी वेगळं वागणं मला जमायचं नाही.

आणि तुमचं काय? तुम्ही एवढं मोठं पत्र लिहिलंत त्यात तुमच्या वाट्याला दोन ओळी आल्या, त्यातही शेवटी माझी थट्टा. तिथे तुमचं जवळचं कुणी आहे का, ज्याच्याशी हे बोलता येईल? नसेल तर मला लिहीत जा. नंबर बदललाय का ते मी बघेन, पण तुम्हाला आणि मला दोघींनाही माहीत आहे की तो बदललेला नाही.

तुमची,
चष्मेवाली


३० ऑगस्ट

ताई,

मला माहीत आहे.

काल संशोधक मुलीने बोलावलं. चेहरा पडलेला. मला वाटलं आणखी काही वाईट निघालं. म्हणाली, तुमच्या कातडीपासून स्टेम सेल झाल्या, छान वाढल्या, पण त्या आमच्या कामाच्या नाहीत, त्यांत आजारच नाही. तिचे महिने वाया गेले होते बिचारीचे. मी उठून तिचे दोन्ही हात धरले आणि खोलीत उड्या मारल्या. म्हटलं, माझी ताई म्हणतच होती, नळ्या बदलल्या असणार. माझी ताई सगळ्या डॉक्टरांपेक्षा हुशार आहे.

ती म्हणाली, आम्हालाही तसंच वाटलं, म्हणून पहिल्या वेळचं राखून ठेवलेलं रक्त पुन्हा तपासलं. कातडी पुरुषाची आहे. रक्त बाईचं आहे. पण परकं नाही, तुमच्या सख्ख्या बहिणीचं असावं इतकं जवळचं आहे. मग तिनं अगदी हळू विचारलं, तुमच्यावर लहानपणी बोन मॅरोचं काही झालं होतं का?

मी म्हणालो, नाही, फक्त रक्त कमी झालं होतं. आणि म्हणतानाच मला घसरगुंडी आठवली. तू पालथी झोपून पुस्तक वाचायचीस आणि मी तुझ्या पाठीवर मोटार फिरवायचो. तू ओरडायचीस आणि मी हसायचो.

मी सरळ चष्मेवालीकडे गेलो आणि विचारलं, तुला काही ठाऊक आहे का? तिनं हो म्हटलं. मी तिच्यावर आवाज चढवला, आयुष्यात पहिल्यांदा. तिनं तो ऐकून घेतला.

ताई, मी काय करून बसलो? तुला एवढी एकच गोष्ट हवी होती, माहीत नसणं. ती तू स्वतःचा संसार न मांडता मिळवली होतीस. मी माझ्या लग्नासाठी जाऊन तुझं पाकीट फोडलं, मोठ्याने वाचलं, आणि वर तुलाच पत्राने कळवलं. आणि तू ते वाचून मला धीर देत होतीस. कवळ्यांच्या गोष्टी सांगत होतीस.

तू दिलेलं ते परत घे. मला दुसरं काही सुचत नाही. मी त्या मुलीला विचारलंही, माझ्यातलं काही तिला देता येईल का, मगज, मेंदूच्या पेशी, काहीही, माझ्या चांगल्या आहेत ना. ती म्हणाली, काही ठिकाणी प्राण्यांवर तसे प्रयोग चालू आहेत, माणसांपर्यंत यायला अजून वेळ आहे.

मी लग्न करणार नाही. सामान बांधून तुझ्याकडे येतो.

ठोंब्या


१४ सप्टेंबर

ठोंब्या,

सामान सोडून ठेव.

तुझं पत्र वाचून आधी खूप रडले, मग तोंड धुतलं आणि कामाला बसले, कारण एका आजोबांना नातीच्या लग्नाआधी दात हवे आहेत. त्यांना फोटोत हसायचं आहे म्हणे. मला त्यांचं बरं वाटलं.

चष्मेवालीवर ओरडलास त्याची माफी माग. तिनं मला आधीच लिहून कळवलं होतं की विचारलंस तर खरं सांगेन. अशी माणसं फार नसतात. लग्न याच वर्षी करा. मी येणार आहे आणि चालत येणार आहे, म्हणून उशीर करू नका.

पाकीट तू फोडलंस हे खरं, पण आत काय आहे ते माझे हात मला वर्षभर सांगत होते. मी ऐकत नव्हते. कळलं तेव्हा वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, मी तुला खोटं सांगणार नाही. भीतीही वाटते, गिळता न येण्याची सगळ्यात जास्त. पण तुझ्यामुळे वाईट झालं असं एकदाही वाटलं नाही. आणि ती दोन स्थळं परत पाठवली ती निदान वाया गेली नाहीत. हे मी कडवटपणे म्हणत नाही. थोडं म्हणते.

परत घे म्हणतोस, तर परत घ्यायची काही सोय नाही. असती तरी घेतलं नसतं. डॉक्टर म्हणाले, हा आजार घात करतो तो मेंदूत, रक्तात तो नुसता बसून राहतो. म्हणजे मी गेल्यावरही माझं थोडं तुझ्या अंगात चालू राहणार, आणि तेवढं तरी नीट वागणार. तुझी संशोधक मुलगी मला भेटून गेली. माझ्या दंडाच्या कातडीचा तुकडा घेतला. तिला हव्या होत्या तशा पेशी आता तिला मिळाल्या, चेहरा कसा उजळला होता, आणि मग तो उजळला म्हणून तिलाच कसंनुसं झालं. मी म्हटलं, बाई, तू खूष हो, कुणीतरी व्हायला हवं.

आता एक गोष्ट सांगते. तू तेव्हा शिकायला बाहेर होतास, तुला ठाऊक नाही.

बाबांचे हात आणि चाल तू पाहिलीस. त्यांचं बोलणं तू ऐकलं नाहीस. शेवटच्या वर्षांत ते आईला रोज म्हणायचे की तू मला कधीच आवडली नाहीस, तुझ्याशी लग्न केलं ही माझी चूक झाली. आपले बाबा, जे पावाचा शेवटचा तुकडा आईसाठी ठेवून उठायचे. डॉक्टर आईला समजावायचे की हे ते बोलत नाहीत, आजार बोलतो. आई मान हलवायची. ती जाण्याच्या थोडं आधी मी तिचे केस विंचरत होते तेव्हा तिनं मला विचारलं, ते खरं बोलत होते का गं? मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, कशावरून? आणि माझ्याकडे तिला दाखवायला काही नव्हतं. बाबांनी धडधाकट असताना तिला कधी तोंडाने काही सांगितलं नव्हतं, दोन ओळी लिहिल्या नव्हत्या. ती ते मनात घेऊनच गेली.

म्हणून आज डोकं ठिकाणावर आहे आणि पेन धरता येतंय तोवर मी तुला लिहून देते.

तू मला फार आवडतोस. तू पाच वर्षांचा असताना तुझे ओठ पांढरे पडले होते, ते पुन्हा लाल झालेले मी पाहिले, त्याहून चांगलं मी आयुष्यात काही पाहिलेलं नाही. पुढे काय होणार हे तेव्हा मला कुणी सांगितलं असतं तरी मी पालथी झोपले असते. तुला कळलं तेही बरं झालं, कारण आता मला तुझ्याशी खोटं बोलावं लागत नाही.

पुढे मी वेगळं बोलेन. म्हणेन की तू माझं आयुष्य खाल्लंस, तुला जगवलं ही चूक झाली, तुझ्यापायी मला हे कळलं. मोठमोठ्याने म्हणेन, कदाचित तुझ्या मुलांसमोर म्हणेन, आणि तेव्हा ते मला खरंच वाटत असेल. तू मात्र तेव्हा उठून जाऊ नकोस. हे पत्र काढ आणि मला वाचून दाखव. मी ऐकणार नाही, हे अक्षर माझं नाही असंही म्हणेन. मग माझ्यासमोर बसून ते स्वतःला वाचून दाखव.

ताई